लंडन आणि लेक डिस्ट्रिक्ट : दोघांच्या दहा रात्रींची आखणी

इंग्लंडला दोघांनीच जायचे ठरले की बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करायला बसतात, आणि त्या यादीत लंडनच्या जोडीला बाथ, ऑक्सफर्ड, यॉर्क, एडिंबरा अशी भर पडत जाऊन दहा दिवसांतले चार दिवस सामान आवरण्यात आणि खोल्या बदलण्यात संपतात. माझे सांगणे असे, की एक शहर आणि एक गाव एवढेच घ्यावे. शहर लंडन, आणि गाव इंग्लंडच्या वायव्येकडील, डोंगर-सरोवरांच्या लेक डिस्ट्रिक्टमधले केझिक. लंडनला चार रात्री, केझिकला पाच आणि परतीच्या विमानाआधी पुन्हा लंडनला एक, अशी वाटणी आम्हांला सर्वांत सोयीची वाटली.

या दोन जागांचे नियम मात्र अगदी उलटे आहेत, आणि ते आधीच ध्यानात घेतले तर निम्मे वाद टळतात. लंडनचे दिवस तिकिटांनी आधी बांधून घ्यावेत आणि तिथे दोघांनी खुशाल थोडे वेगवेगळे हिंडावे. डोंगरातले दिवस हवामानासाठी मोकळे ठेवावेत आणि तिथे दोघांनी एकमेकांना नजरेआड होऊ देऊ नये.

जाण्यासाठी मेचे पहिले तीन आठवडे, जून किंवा सप्टेंबर निवडावा. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते, आणि जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत मोठी सुट्टी असल्यामुळे केझिकमध्ये खोली मिळणेही अवघड होते. जूनमध्ये केझिकला सूर्य जवळजवळ पावणेदहाला मावळतो, त्यामुळे सकाळी पाऊस थांबण्याची वाट पाहत अकराला निघालात तरी अंधाराची धास्ती राहत नाही. डिसेंबरमध्ये हाच सूर्य चारच्या आत मावळतो. व्हिसाबद्दल एवढेच, की शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही, आणि जोडीने जाणार असलात तरी अर्ज ज्याचा त्याने स्वतंत्र करायचा असतो.

आगाऊ करायच्या कामांत रेल्वेचे काम पहिले. दोघांनी मिळून प्रवास करणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये ‘टू टुगेदर रेलकार्ड’ मिळते. त्या एकाच कार्डावर दोघांची नावे आणि छायाचित्रे असतात, ते वर्षभर चालते, आणि दोघे एकत्र प्रवास करत असतील तर बहुतेक भाड्यांत एक तृतीयांश सूट मिळते. फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीच्या प्रवासाला ते लागू होत नाही. लंडन ते पेनरिथ (केझिकसाठी इथे उतरून बस घ्यायची) आणि परत एवढ्या एका प्रवासातच कार्डाची किंमत बहुधा वसूल होते. गाड्यांची ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकिटे साधारणपणे बारा आठवडे आधी विक्रीला येतात आणि ती सर्वांत स्वस्त असतात, पण ती त्याच गाडीपुरती असतात. गाडी चुकली की तिकीट वाया गेले असे समजावे. आपल्या आखणीत लंडन सोडण्याची आणि लंडनला परतण्याची तारीख पक्की असल्यामुळे ती घ्यायला हरकत नाही. मधल्या पाच दिवसांसाठी मात्र कसलेही तिकीट आधी काढू नये.

लंडनमधले दिवस

लंडनमध्ये उतरल्यावर पहिला प्रश्न येतो तो बस आणि ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे यांच्या भाड्याचा. वेगळे तिकीट काढण्याची गरज नसते. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा ऑयस्टर हे लंडनच्या वाहतुकीचे, आधी पैसे भरून ठेवायचे कार्ड फाटकाजवळच्या पिवळ्या गोल चकतीवर टेकवले की झाले. ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना असे दोन्ही वेळा टेकवायचे, बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. जोडप्यांची चूक इथे ठरलेली असते: एक जण स्वतःचे कार्ड दोनदा टेकवून दोघांचे भाडे देऊ पाहतो, आणि फाटक दुसऱ्यांदा उघडत नाही. एका कार्डावर एकच माणूस, हा नियम आहे. शिवाय दिवसाच्या भाड्याला जी कमाल मर्यादा असते, ती त्या विशिष्ट कार्डापुरती मोजली जाते. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच खात्याला जोडलेला फोन टेकवला, तर यंत्रणेच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवासी ठरतात आणि मर्यादेचा फायदा मिळत नाही. म्हणून दिवसाच्या आरंभी जे वापराल तेच रात्रीपर्यंत वापरावे.

टॉवर ऑफ लंडनचे तिकीट सकाळच्या पहिल्या वेळेचे काढावे, आणि फाटक उघडताच, इतर काही न पाहता, सरळ राजरत्नांच्या दालनाकडे जावे. दहा-साडेदहानंतर तिथली रांग अंगणभर पसरते, आणि पहिल्या अर्ध्या तासात मात्र राणी एलिझाबेथ यांच्या आईच्या मुकुटातला कोहिनूर तुम्हांला दोन मिनिटे शांतपणे पाहता येतो. त्या दालनात छायाचित्रे काढायला मनाई आहे. तिथून बाहेर आल्यावर ‘यीओमन वॉर्डर’ म्हणजे तिथल्या गणवेशधारी रक्षकांबरोबरची फेरी घ्यावी. ती तिकिटातच येते, आणि अकराव्या शतकात विल्यम द कॉन्करर याने उभारायला घेतलेला व्हाइट टॉवर त्या रक्षकांच्या तोंडून ऐकल्यावर वेगळाच दिसतो.

ब्रिटिश म्युझियम १७५३ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेश विनामूल्य आहे. तरी वेळेची आगाऊ नोंद करून ठेवली तर सुरक्षा तपासणीची रांग सुसह्य होते. इथे मी दोघांनी वेगळे होण्याचा सल्ला आग्रहाने देते. संग्रहालयात एक जण प्रत्येक पाटी वाचणारा आणि दुसरा चार वस्तू मनापासून पाहून बाहेर चहाला बसणारा, ही जोडी फार आढळते. दोघांनी हातात हात घालून तीच दालने पाहिली, तर पहिल्याला घाई होते आणि दुसऱ्याचे पाय दुखतात. आम्ही रोझेटा शिला आणि अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पे एवढे एकत्र पाहिले, मग दोन तासांनी काचेच्या छताखालच्या ग्रेट कोर्टमध्ये, वाचनकक्षाच्या गोल भिंतीशी भेटायचे ठरवले. ‘म्युझियममध्ये कुठेतरी भेटू, फोन करू’ असे कधी ठरवू नये. जाड भिंतींच्या आत फोन लागेलच याची खात्री नसते. जागा आणि वेळ तोंडाने ठरवावी आणि दोघांनी ती पुन्हा उच्चारून घ्यावी. शुक्रवारी हे संग्रहालय रात्री साडेआठपर्यंत उघडे असते आणि ट्रॅफल्गर स्क्वेअरजवळची नॅशनल गॅलरी नऊपर्यंत, म्हणून लंडनच्या दिवसांत एक शुक्रवार येईल असे पाहावे.

वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी किंवा सेंट पॉल्स कॅथीड्रल आतून पाहण्याचे तिकीट बरेच महाग असते, पण संध्याकाळच्या ‘ईव्हनसाँग’ प्रार्थनेला बसायला पैसे पडत नाहीत. त्या वेळी हिंडता येत नाही आणि छायाचित्रे काढता येत नाहीत, हे मान्य करूनच जावे. पाऊण तास शेजारी शेजारी बसून गायकवृंदाचे सूर दगडी कमानींतून फिरताना ऐकणे, हा आमच्या लंडनमधल्या मुक्कामातला सर्वांत जवळिकीचा वेळ होता. ज्यांना चढायला आवडते त्यांनी सेंट पॉल्सचे तिकीट जरूर काढावे. घुमटावरच्या गोल्डन गॅलरीपर्यंत ५२८ पायऱ्या आहेत.

चौथ्या दिवशी शहरातच चालण्याचा सराव करावा. ट्यूबच्या डिस्ट्रिक्ट लाइनने रिचमंडला उतरून टेकडीवर गेले की टेम्स नदीच्या वळणाचा तो देखावा दिसतो, ज्याच्या रक्षणासाठी १९०२ मध्ये संसदेने खास कायदा केला. पुढे ९५५ हेक्टरांचे रिचमंड पार्क आहे, हरणांचे मोकळे कळप आहेत, आणि त्याच्या कडेने सुमारे साडेअकरा किलोमीटरची वाट जाते. हरणांपासून किमान ५० मीटर अंतर ठेवावे, विशेषतः मे ते जुलै या पाडसांच्या काळात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या माजाच्या काळात. या वाटेवर डोंगरातले बूट घालूनच चालावे. टाच कुठे घासते, मोजा कुठे गोळा होतो, हे इथे कळले तर दुकाने जवळ असतात. डोंगरात कळले तर उरलेला मुक्काम खिडकीत बसून काढावा लागतो.

केझिककडे

लंडनच्या हॉटेलात शेवटची रात्र पुन्हा त्याच ठिकाणी घेतली असेल, तर मोठी बॅग तिथेच ठेवण्याची विनंती करावी. बहुतेक हॉटेले ती मान्य करतात. मग यूस्टन स्थानकावर पाठीवरच्या पिशव्या तेवढ्या घेऊन जाता येते. पेनरिथपर्यंत सुमारे तीन तास लागतात; डाव्या हाताची खिडकी मिळाली तर लँकेस्टर सोडल्यानंतर थोडा वेळ मोरेकॅम्ब उपसागर दिसतो. केझिकचा लोहमार्ग १९७२ मध्ये बंद झाला, म्हणून पेनरिथहून एक्स ४ किंवा एक्स ५ क्रमांकाची बस घ्यावी. मोटार भाड्याने घेण्याची गरज नाही. उलट, मोटार असली की जिथून निघालो तिथेच परत यावे लागते, आणि बस-बोटींच्या भरवशावर असले की एका खोऱ्यात चढून दुसऱ्या बाजूला उतरता येते.

पोचल्याच्या संध्याकाळी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा ‘एक्सप्लोरर ओएल ४’ हा १:२५,००० प्रमाणाचा कागदी नकाशा विकत घ्यावा. त्यावर हिरव्या तुटक रेषेने दाखवलेल्या वाटांवर चालण्याचा सर्वांना कायदेशीर हक्क आहे, मग ती वाट कोणाच्या शेतातून जात असली तरी. काळी तुटक रेषा म्हणजे जमिनीवर पायवाट आहे एवढेच, हक्क असेलच असे नाही. प्रत्यक्ष वाटेवर पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी असतो आणि निळा बाण घोडे व सायकलीही जाऊ शकणाऱ्या वाटेसाठी. दुसरी गोष्ट म्हणजे त्या रात्रीचा डोंगरावरचा हवामान अंदाज पाहणे. गावातला अंदाज पुरेसा नसतो. केझिकपासून जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर, बॉरोडेल खोऱ्याच्या टोकाला असलेले सीथवेट हे इंग्लंडमधले सर्वांत जास्त पावसाचे वस्तीचे ठिकाण समजले जाते, आणि तिथे वर्षाला सुमारे साडेतीन मीटर पाऊस पडतो. केझिकमध्ये याच्या निम्माही पडत नाही. गावात ऊन असताना खोऱ्याच्या त्या टोकाला काळे ढग दिसणे हे तिथे रोजचेच आहे.

म्हणून पाच दिवसांचे पाच बेत तारखा न घालता लिहून ठेवावेत: दोन उंचावरचे, दोन सखल भागातले, एक निव्वळ पावसाचा. रोज रात्री अंदाज पाहून दुसऱ्या दिवसाचा बेत त्यांतून उचलावा. चांगला दिवस पहिलाच आला तर मुख्य चढाई पहिल्याच दिवशी करावी. उद्यावर ढकलू नये.

वेळेचा हिशेब करायला नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला नियम अजून कामाला येतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. केझिकजवळच्या कॅटबेल्स या डोंगराची सुमारे सहा किलोमीटरची फेरी आणि पावणेचारशे मीटर चढ यांचा हिशेब जवळजवळ एक तास पन्नास मिनिटे येतो. त्यात थांबणे, पाणी पिणे, छायाचित्रे काढणे काहीच धरलेले नसते. दोघांनी जाताना मी तो आकडा दीडपट करते, आणि वेग नेहमी दोघांतल्या सावकाश चालणाऱ्याचा धरते. पुढे त्यालाच ठेवावे. मागचा माणूस कितीही दमदार असला तरी तो पुढच्याला टाकून जाऊ शकत नाही, एवढी साधी सोय त्यात आहे.

कॅटबेल्स ही ४५१ मीटर उंचीची डोंगरसोंड पहिल्या चढाईसाठी उत्तम आहे. केझिकच्या धक्क्यावरून डरवेंटवॉटर सरोवराची फेरी करणारी बोट घ्यावी. फेऱ्या दोन्ही दिशांनी असतात, त्यांतली घड्याळाच्या उलट्या दिशेने जाणारी घेतली तर हॉज एंडचा धक्का लवकर येतो. तिथून वाट झाडीतून वर निघते आणि लवकरच उघड्या सोंडेवर येते. मागे वळून पाहिले की खाली सरोवर, पलीकडे केझिक आणि त्याच्या डोक्यावर ९३१ मीटरचा स्किडॉ. मधल्या उंचवट्यानंतर एक खिंड लागते आणि तिच्यापुढे शेवटचा खडकाळ टप्पा येतो, जिथे हातांचा आधार घ्यावाच लागतो. हजारो बुटांनी तो खडक इतका गुळगुळीत झाला आहे, की कोरड्या दिवशीही त्याला चकाकी असते, आणि ओला असताना तो फार निसरडा होतो. चढताना हात टेकायला खाचा सापडतात, उतरताना त्याच खाचा पायांना दिसत नाहीत. म्हणून हॉज एंडकडून चढून माथ्यापलीकडे हॉज गेटच्या खिंडीकडे जावे, तिथून डावीकडे सरोवराकडे उतरून हाय ब्रँडलहाऊच्या धक्क्यावर परतीची बोट पकडावी. शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच धक्क्यावरच्या पाटीवरून टिपून घ्यावी.

याच खडकाळ टप्प्याखाली आमची चूक झाली. माझा गुडघा दुखत होता म्हणून मी खिंडीत थांबले, आणि माझे पती ‘वरून पाहून लगेच येतो’ म्हणून पुढे गेले. ते गेले आणि दहा मिनिटांत ढग खाली उतरला. मला पाच पावलांपलीकडचे दिसेना. ते वर माझी वाट पाहत थांबले, मी खाली त्यांची वाट पाहत थांबले. नकाशा आणि शिट्टी त्यांच्या पिशवीत, खाणे आणि चहाचा थर्मास माझ्या पिशवीत. चाळीस मिनिटांनी ढग उचलला तेव्हा दोघेही थंडीने गारठलेलो होतो आणि दोघांनाही बोलवत नव्हते. तेव्हापासून आमच्या दोन्ही पिशव्यांत सारखे सामान असते: नकाशा किंवा त्याची रंगीत प्रत, शिट्टी, डोक्याला लावायचा दिवा, जलरोधक जाकीट आणि विजार, टोपी, हातमोजे, एक जादा लोकरी थर आणि दुपारचे खाणे. जूनमध्येही हातमोजे न्यावेत. जीनची पँट घालू नये, कारण सुती कापड एकदा भिजले की दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचत राहते. आणि दोघांतला एक थांबला तर दुसऱ्यानेही थांबायचे; माथा हुकला तर हुकला.

अपघात झालाच तर ९९९ किंवा ११२ लावून आधी पोलीस मागायचे आणि मग त्यांच्याकडे ‘माउंटन रेस्क्यू’ मागायचे. हे बचाव पथक स्वयंसेवकांचे असते आणि मदतीचे पैसे घेत नाही. जागा नकाशावरच्या चौकटीच्या आकड्यांत सांगता आली पाहिजे. कॅटबेल्सचा माथा एनवाय २४४ १९८ असा सांगतात. हे आकडे वाचायला दोघांनीही शिकून घ्यावे, कारण पडणारा माणूस नेमका नकाशा वाचणाराच असू शकतो. फोन लागत नसेल तर मिनिटभरात सहा शिट्ट्या वाजवाव्यात, एक मिनिट थांबावे, पुन्हा वाजवाव्यात. पहिल्या सहलीत हेल्व्हेलिनच्या स्ट्रायडिंग एज या अरुंद धारेच्या किंवा ९७८ मीटरच्या स्काफेल पाइकच्या वाटेला जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सखल वाटांत ग्रासमिअर ते रायडल ही मला सर्वांत प्रिय आहे. केझिकहून ५५५ क्रमांकाची बस ग्रासमिअरला नेते. हा भाग ‘ओएल ७’ नकाशावर येतो. कवी वर्ड्सवर्थ १७९९ ते १८०८ इथल्या डव्ह कॉटेजमध्ये राहत होते, पुढे १८१३ पासून १८५० मध्ये मृत्यू येईपर्यंत रायडल माउंटमध्ये, आणि त्यांची कबर ग्रासमिअरच्या सेंट ऑस्वल्ड चर्चच्या आवारात आहे. डव्ह कॉटेजवरून निघणाऱ्या वाटेला ‘कॉफिन रूट’ म्हणतात, कारण पूर्वी रायडलकडून याच वाटेने शवपेट्या खांद्यावर घेऊन ग्रासमिअरच्या चर्चकडे आणत, आणि त्या टेकवायला ठेवलेले सपाट दगड अजून वाटेकडेला आहेत. रायडलहून परतताना तिथल्या सरोवराच्या दक्षिणेकडच्या, लफरिग टेरेसच्या वाटेने यावे. तिथून ग्रासमिअरचे पाणी एकदम समोर येते. सगळी फेरी सावकाश चार-पाच तासांची होते.

या वाटांवर दगडी कुंपणे आणि फाटके सतत लागतात. फाटक जसे सापडले तसेच सोडावे: बंद असेल तर बंद करावे, शेतकऱ्याने मुद्दाम उघडे बांधले असेल तर उघडेच ठेवावे. ‘किसिंग गेट’ नावाच्या फाटकात अर्धगोल कठड्याच्या आत एका वेळी एकच माणूस मावतो. आत शिरून कठड्याच्या टोकाला पाठ लावायची, फाटक आपल्यापुढून मागे ढकलायचे आणि पलीकडे निघायचे. पाठीवरची पिशवी मोठी असेल तर ती आधी वरून पलीकडे द्यावी. कोरड्या दगडांची भिंत मात्र कधी चढू नये, चुना-मातीशिवाय रचलेली ती भिंत एका पावलाने ढासळू शकते. गायी वासरांसह असतील तर त्यांच्या मधून न जाता लांबून वळसा घालावा. हर्डविक मेंढ्या निरुपद्रवी असतात. त्यांची कोकरे काळी जन्मतात आणि वयाबरोबर राखाडी होत जातात. रात्री खोलीवर आल्यावर गुडघ्यामागे आणि कंबरेशी गोचीड चिकटली नाही ना, हे एकमेकांचे पाहावे, आणि सापडलीच तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी.

पावसाच्या दिवसासाठी डरवेंटवॉटरच्या काठाची सुमारे सोळा किलोमीटरची वाट ठेवावी. ती पूर्ण करण्याची सक्ती नाही. पाऊस वाढला की पुढच्या धक्क्यावरून बोटीने परतता येते. त्याहून कमी चालायचे असेल तर गावापासून तासाभरात कासलरिगच्या पाषाणवर्तुळापर्यंत जावे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे हे दगड उघड्या माळावर आहेत, तिकीट नाही, आणि भुरभुर पावसात तिथे फारसे कोणी नसते.

केझिकमधल्या शेवटच्या संध्याकाळी बुटांचा चिखल ब्रशने काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते खिडकीजवळ ठेवावेत आणि झोपण्यापूर्वी एकदा बोळे बदलावेत. सकाळपर्यंत ते बॅगेत भरण्याजोगे होतात, आणि पेनरिथची बस कितीला आहे ते तोवर दोघांनाही पाठ झालेले असावे.